डोळे अजून मोठे

कंपनीचा माणूस करार घेऊन दुपारी यायचा होता, आणि सकाळपासून घरात कुणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता. आत्या खिडकीचा पडदा सारखा उघडत होती आणि लावत होती, उजेड कुठून बरा येतो ते बघायला. मुंगीच्या बाबाने दाढी केली, शर्ट बदलला, आरशात पाहिलं आणि पहिलाच शर्ट पुन्हा चढवला. मुंगीची आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. हातातला एक बटाटा संपला की ती दाराशी येऊन बाहेर डोकावायची, जणू तिची पाठ वळताच कुणीतरी सही उरकून टाकणार होतं.

बाहेरच्या खोलीत मुंगी खुर्चीवर बसली होती. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून मुंगी. आता नऊ वर्षांची झाली तरी नाव तेच. समोर तिवईवर फोन, बाजूला गोल दिवा, मांडीवर खोकं. भिंतीकडे उघडलेल्या खोक्यांची चळत छताला टेकायला आली होती, आणि सोफ्यावर बसायचं तर आधी एक लोकरी गेंडा उचलून कुठे ठेवायचा हा प्रश्न होता.

"तीन, दोन, एक," आत्या म्हणाली.

मुंगीने झाकण उचललं. तोंडाचा चंबू झाला, दोन्ही हात गालांवर गेले. "अय्या! मला विश्वासच बसत नाहीये! हे तर मला कध्धीपासून हवं होतं! थँक यू, थँक यू, थँक यू!"

"मस्त. कट."

हात गालांवरून खाली आले. मुंगीने ते हवं असलेलं खेळणं बाजूला ठेवलं, बघितलंही नाही, आणि विचारलं, "पुढचं?"

मुंगीची आई दारातून मागे वळली.

हे सगळं तिच्या डोळ्यांदेखतच वाढलं होतं, त्यामुळे तिला कुणाला दोषही देता येईना. आजोबांचं खेळण्यांचं दुकान बंद पडलं तेव्हा आत्याचे हात रिकामे झाले. शाळा सुटली त्या दिवसापासून ती त्या दुकानाच्या काउंटरमागे उभी होती. लग्न केलं नाही, दुसरं काही शिकली नाही. शिल्लक माल घेऊन ती भावाकडे आली आणि गंमत म्हणून मुंगीचा एक व्हिडिओ काढला. मग दुसरा. वर्षभरात अशी वेळ आली की घरी खेळणी आणायला लागत नव्हती, कंपन्यांकडून आपोआप येत होती. त्याच सुमारास मुंगीचा बाबा ज्या पार्सलच्या गोदामात काम करायचा तिथे सरकत्या पट्ट्यावर यंत्रं बसली आणि त्याच्या पाळ्या निम्म्यावर आल्या. तेव्हापासून कुणी चॅनेलला गंमत म्हणेनासं झालं.

"बटाटे किती सोलतेस?" नवरा आत आला. "सहा जणं आहोत, पलटण नाही."

तिने परातीकडे पाहिलं. खरंच, डोंगर झाला होता. "आजोबा आले की विषय मी काढणार," ती म्हणाली. "आधीच सांगते."

"काढ ना. ताईनेच बोलावलंय त्यांना. सगळ्यांसमोर होऊ दे म्हणाली."

"वर्षभर, एक दिवसाआड खोकं. वर तिचा चेहरा सगळ्या डब्यांवर. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं," तो म्हणाला. घरात त्याला सगळे गुंड्या म्हणत, आणि त्याने उभ्या जन्मात मांजरालाही शुक् केलं नव्हतं. आताही त्याचा आवाज खालीच होता. "पण मला गोदामातून फोन आला नाही की जास्त वाटतं. आणि तिचं वाईट काय चाललंय गं? पोरं रडतात खेळण्यांसाठी. आपली रडत नाही."

"तेच," ती म्हणाली. "रडत नाही."

त्याला ते कळलं नाही, आणि तिलाही नीट सांगता आलं नाही.

तिने प्रयत्न केले नव्हते असं नाही. रोज झोपताना ती मुंगीला विचारायची, आज कुठल्या तीन गोष्टी चांगल्या झाल्या? मुंगी तीन खेळण्यांची नावं सांगायची. खेळणी सोडून सांग म्हटलं तर विचार करून म्हणायची, "आई, बाबा आणि माझं घर," आणि मान किंचित तिरपी करायची, व्हिडिओच्या शेवटी करते तशी. मध्यंतरी आईने ठरवलं, निम्मी खेळणी वाटून टाकू. मुंगीने एका झटक्यात हो म्हटलं, पिशव्या धरल्या, स्वतः भरल्या. आईला केवढा अभिमान वाटला होता! शेजारणीला सांगूनही झालं. मग दोन-तीन दिवसांनी भांडी घासता घासता तिचा हात थांबला. द्यायला काहीतरी आपलं असावं लागतं. पोरीने त्यातलं एकही कधी आपलं केलं नव्हतं. तिने दिलं नव्हतं, नुसती जागा मोकळी केली होती.

आजी-आजोबा आले तेव्हा दारातच अडकले, कारण दारामागे खोकी होती. आजोबांनी एक उचलून हातात फिरवलं. सवयीने कोपरे चाचपले, खालचा शिक्का बघितला. "पुठ्ठा बरा वापरतात," ते म्हणाले. "आमच्या वेळी नुसता कागद असायचा, दमट हवेने दबायचा."

"आत तरी या," आजी म्हणाली. "आल्या आल्या मालाची तपासणी."

तिच्या काखेत एक पुडकं होतं. तिने बसायच्या आधीच ते मुंगीच्या हातात दिलं. डोळ्यांना कमी दिसायला लागल्यापासून आजीने विणकाम सोडलं होतं; सुनेला वाटलं होतं सोडलं. पुडक्यातून तांबडा मफलर निघाला. एक टोक रुंद, एक टोक निमुळतं, मधे कुठेतरी टाके वाहवत गेलेले.

मुंगीने तो उचलला. तोंडाचा चंबू झाला. दोन्ही हात गालांवर गेले.

"अय्या! मला विश्वासच बसत नाहीये! आजी, हे तर मला कध्धीपासून हवं होतं! थँक यू, थँक यू, थँक यू!"

आजीचा चेहरा उजळला. अगदी क्षणभर. कारण मुंगीचे हात खाली आले, तिने आत्याकडे वळून विचारलं, "माझे केस तोंडावर आले का? पुन्हा करू?"

"अगं..." आत्या म्हणाली. तिच्या हातात फोन नव्हता, भाताचं भांडं होतं.

आजीने इकडेतिकडे पाहिलं. "कुठे आहे गं कॅमेरा?"

आत्याने भाताचं भांडं टेबलावर ठेवलं.

मुंगीची आई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर तिच्या हाताखालून हसू जायचं: मेणातलं, मग प्लॅस्टरमधलं, मग घासून चकचकीत केलेलं. खरं वाटेल असं हसू बनवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण ते दातांपाशी संपतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. आता समोर तसंच एक हसू होतं, आणि ते तिच्या पोटच्या पोरीच्या तोंडात बसवलेलं होतं.

"मुंगी, आजीला नीट थँक यू म्हण."

"म्हटलं की."

"तसं नाही."

"मग कसं?" मुंगीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जेवायला बसा," आजी म्हणाली. "मफलर काय, गळ्याला लागला की झालं." पण पुढे वाढून घेताना तिचा डाव दोनदा भांड्याच्या कडेला आपटला.

जेवताना विषय काढावा लागलाच नाही, तो ताटांच्या मधोमध बसलेलाच होता. आत्याने कराराचं सगळं सांगितलं. कंपनी मोठी आहे, माणूस सभ्य आहे, मुंगीच्या शाळेच्या वेळा सांभाळतील. गुंड्या मान डोलवत होता. मुंगीची आई वाट बघत होती आजोबांची. आयुष्यभर ज्यांनी स्वतःसाठी नवा शर्ट घेताना चार वेळा विचार केला, ज्यांच्या घरात साबणाचा शेवटचा तुकडा नव्या वडीला चिकटवला जायचा, ते आजोबा आता बोलतील.

"बाबा, तुम्हीच सांगा," ती शेवटी म्हणाली. "हे पोरीला बरं आहे का? तुम्ही तुमच्या मुलांना असं वाढवलं नाहीत. आहे त्यात समाधान मानायला शिकवलंत."

आजोबांनी पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवून ठेवला आणि विसरले.

"शिकवलं," ते म्हणाले. "घरी. दुकानात नाही. दुकानाच्या काचेला नाक लावून पोर उभं राहिलं की मला बरं वाटायचं. आईने ओढलं आणि पोराने रस्त्यात फतकल मारली की आणखी बरं. समाधानी पोर दुकानाची पायरी चढत नाही, सूनबाई. सगळ्या गावाची पोरं समाधानी निघाली असती तर या गुंड्याच्या शाळेची पुस्तकं आली असती कुठून? आता कुठल्या तोंडाने मी नको म्हणू?"

"तोंडाचं काय घेऊन बसलात," आजी म्हणाली. "तुम्हाला तोंड नव्हतंच कधी, गल्ला होता."

गुंड्या हसला, मग हसू गिळलं. आत्या हसली नाही.

सुनेला वाटलं, पायाखालची फरशी सरकली. जिथे टेकायचं ठरवलं होतं ती भिंतच नव्हती. ती मदतीसाठी आजीकडे वळली तर आजी म्हणाली, "माझ्याकडे बघू नकोस. मला त्या फोनमधलं काही कळत नाही. मला फक्त एवढं कळतं की पोरगी जेवत नाहीये."

सगळ्यांनी बघितलं. मुंगीची खुर्ची रिकामी होती.

ती न्हाणीघरात सापडली. आरशासमोर उभी होती, मफलर गळ्यात, हात गालांवर. हात काढत होती, पुन्हा ठेवत होती.

"काय करतेस?" आईने दार लोटून घेतलं.

"नीट थँक यू करून बघतेय. तू म्हणालीस, 'तसं नाही.' मग कसं, ते सांगितलं नाहीस."

आई टबच्या कडेवर बसली. ती पोरीला रागवायला आली होती. आता राग कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"मुंगे, तुला आवडला का मफलर?"

"थँक यू म्हटलं ना."

"ते सोड. आवडला का?"

मुंगीने मफलरचं रुंद टोक बघितलं, निमुळतं टोक बघितलं. तिच्या कपाळावर आठी आली. "तुला काय हवंय? हो म्हणू?"

"मला काही नकोय. जे असेल ते म्हण."

"मला माहीत नाही," मुंगी म्हणाली, आणि मग थोडं घाबरून, "आवडलं की काय होतं? म्हणजे, कुठे होतं? पोटात?"

नळातून पाणी ठिबकत होतं. आईला आठवलं, ही पोर दोन-अडीच वर्षांची असताना एका मोडक्या कुलपासाठी सगळं घर डोक्यावर घ्यायची. ते कुलूप घेऊन झोपायची. तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं कुठे होतं म्हणून.

"पोटातही होतं," आई म्हणाली. "कधी हातात होतं. वस्तू खाली ठेववत नाही. कधी..."

दारावरची घंटा वाजली. बाहेर खुर्च्या सरकल्या, आत्याचा आवाज आला, "मुंगी! आले गं ते!"

आईच्या समोरच पोरीचा चेहरा बदलला. आठी गेली, मान तिरपी झाली, डोळ्यांत दिवा लागावा तसं काहीतरी लागलं. "येते!" मुंगी म्हणाली आणि मफलर नळाला अडकवून पळाली.

कंपनीचा माणूस खरोखरच सभ्य होता. त्याने पायपुसण्यावर बूट नीट पुसले, आजोबांना नमस्कार केला, आजीने पुढे केलेला चहा घेतला. काखेत कागदांची बंद फाइल होती आणि हातात एक खोकं. त्यावर लाकडी मनोऱ्याचं चित्र होतं. मनोऱ्याभोवती वळणावळणाच्या पन्हळी आणि त्यांतून घरंगळणाऱ्या रंगीत गोट्या.

"करार तर करूच," तो म्हणाला. "पण आधी वरच्या साहेबांना एक छोटा नमुना पाठवायचा आहे. आत्ता, इथे. घरगुती वाटलं पाहिजे."

दिवा लागला. मुंगी खुर्चीवर बसली. झाकण उचललं, चंबू, गाल, विश्वासच बसत नाहीये.

"सुंदर," तो माणूस फोनच्या पडद्याकडे बघत म्हणाला. "फक्त बाळा, डोळे अजून मोठे. आणि आधी थोडी शांतता, मग आनंद. पुन्हा करू या?" त्याने खिशातून चिकटपट्टी काढून खोकं पुन्हा बंद केलं. पट्टी त्याने बरोबर आणली होती.

मुंगीने पुन्हा उघडलं.

"छानच. थोडं जास्त झालं का आता? पुन्हा?"

पट्टी फाटली, पट्टी लागली. मुंगीच्या आईचं लक्ष पोरीच्या हातांकडे होतं. चेहरा दर वेळी तितकाच फुलत होता, पण हात आता झाकणावर हळूहळू जात होते, ओझं उचलायला जावेत तसे. गुंड्याही बघत होता, त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती.

"एकच शेवटचं," तो माणूस म्हणाला.

मुंगीने खोकं मांडीवर घेतलं. तीन, दोन, एक झालं. ती हललीच नाही. मग तिने खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि फोनच्या मागे उभ्या असलेल्या आत्यापुढे धरलं.

"तू उघड."

"मी? अगं, मी कशाला?"

"तुला आवडतं म्हणून," मुंगी म्हणाली. "मी उघडते तेव्हा तू माझ्याकडे बघतच नाहीस. खोक्याकडे बघतेस."

आत्याने ते हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हसू निघालं नाही. तिने खोकं घेतलं. मग कुणालाच अपेक्षा नव्हती असं झालं: ती खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसली, मांडी घालून, पन्नाशीची बाई, चांगली साडी नेसलेली. चिकटपट्टी तिने फाडली नाही. नखाने एक कोपरा सोडवला आणि पुठ्ठा न उचकटता पट्टी अख्खी काढली. झाकण उचललं आणि बराच वेळ आत नुसती बघत राहिली.

"पन्हळींना नंबर आहेत," ती कुणाला तरी म्हणाली. "मला वाटायचं आत मनोरा तयारच असतो. चित्रात दिसतो तसा."

"आपल्या दुकानात होतं हे?" गुंड्याने विचारलं.

"वरच्या फळीवर. डावीकडे." आत्याने एक गोटी उचलून उजेडात धरली. "रोज सकाळी फडकं मारायचे मी त्याच्यावर. सगळ्या खोक्यांवर. कुठलंही विचारा, कुठल्या बाजूला काय चित्र आहे ते झोपेत सांगेन. पण उघडलेलं खोकं विकलं जात नाही ना." तिने बापाकडे पाहिलं नाही. आवाजही चढवला नाही. "गिऱ्हाईकाच्या पोरांना आपण म्हणायचो, बघ बाळा, हात लावून बघ. आम्हाला म्हणायचात, समाधान मानावं. मानलं, बाबा. इतकं मानलं की मला काय हवं होतं ते मलाच आठवत नाही. हिला उघडायला लावलं की थोडंसं आठवल्यासारखं होतं."

आजोबांनी चहाचा कप हळूच बाजूला सारला.

कंपनीच्या माणसाने घसा साफ केला. "फार हृदयस्पर्शी आहे, मॅडम. पण आपला प्रेक्षक लहान आहे. नमुना मी आहे तोच पाठवतो, सह्या उरकून घेऊ." फाइल उघडली गेली. टेबलावरची ताटं सरकली. पेन गुंड्याच्या हातात आलं.

"नको," मुंगीची आई म्हणाली.

तिला वाटलं होतं की हे म्हणायचं तर पाठीशी पन्नास मुद्दे लागतील. एकही सुचला नाही. "नको," ती परत म्हणाली. "का ते मला सांगता येत नाही. माझ्या पोरीला तिला काय आवडतं ते कळत नाही. आधी ते कळू दे."

गुंड्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, गोदाम होतं. पेन कागदावरच राहिलं. आणि मग जमिनीवरून, वर न बघता, एक पन्हळ दुसरीत बसवायची खटपट करत आत्या म्हणाली, "गुंड्या, खाली ठेव ते."

"ताई, तूच तर..."

"हो, मीच. खाली ठेव."

त्या माणसाने जाताना आपलं खोकं मागितलं नाही. सभ्य होता तो. विचार बदलला तर कळवा म्हणाला, दार हलकेच ओढून घेतलं.

दार लागलं आणि मुंगीने विचारलं, "म्हणजे आता खोकी येणार नाहीत?"

"एवढी नाही येणार," आई म्हणाली.

"आणि व्हिडिओ?"

"नाही."

मुंगी क्षणभर उभी राहिली. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आजवर कुठल्याच व्हिडिओत झालं नव्हतं इतकं, आणि ती किंचाळली. "तू वाईट आहेस! माझं होतं ते! मला विचारलं पण नाहीस!" तिने लोकरी गेंड्याला लाथ मारली, खोक्यांची चळत ढकलली, पुठ्ठे धडाधड कोसळले. नाक वाहायला लागलं, केस तोंडात गेले. आई जवळ गेली तर तिने ढकललं. आजी उठायला लागली तर आजोबांनी तिचा हात धरला. "राहू दे. रडू दे."

पडलेली रिकामी खोकी गुंड्या मुकाट्याने गोळा करायला लागला. काहीतरी उचलणं, रचणं, वाहून नेणं हे त्याला येत होतं. तो ढीग घेऊन जिन्याने खाली निघाला, तशी त्याची बायकोही दुसरा ढीग घेऊन मागोमाग गेली. वरून रडण्याचा आवाज जिनाभर येत होता. एका मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं करून पुन्हा लावलं.

खाली कचऱ्याच्या पिंपापाशी तो पुठ्ठे चपटे करायला लागला, एकेकावर पाय देत. "उद्या जाऊन जादा पाळी मागतो," तो म्हणाला. "देणार नाहीत. पण मागतो."

"मीही रविवारचं काम घेते. कवळ्यांना सुट्टी नसते."

"घे." त्याने आणखी एक खोकं तुडवलं. "माझं चुकलं म्हणत नाही मी. तुझंही बरोबर आहे की नाही देव जाणे. आपण तिच्या हातातलं काढून घेतलं आणि द्यायला काही नाही आपल्याकडे. तिला वाटणार, आई-बापाने हिसकावलं."

"हिसकावलंच आहे."

"मग समाधान कसलं शिकवणार आपण तिला? आपल्याला तरी आहे का? मी दिवसभर लोकांची खोकी उचलतो आणि घरी येऊन बघतो, आपल्याकडे यातलं काय नाही."

तिलाही गेल्या आठवड्यात एक दिवा आवडला होता, कुणाच्या तरी खिडकीतला. अजून मनातून जात नव्हता. तिने खोक्यावर पाय दिला, ते दबलं नाही. त्याने आपला पाय तिच्या पायाशेजारी ठेवला, दोघांनी मिळून दाबलं.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, वरचं रडणं थांबलं होतं.

एकदम थांबलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पुठ्ठे तिथेच टाकून जिना चढायला लागले. रडणाऱ्या पोराची धास्ती नसते. गप्प झालेल्याची असते. दोन-दोन पायऱ्या टाकत ते वर आले, दार ढकललं.

मुंगी जमिनीवर आत्यासमोर बसली होती. नाक लाल, गालांवर खारे ओघळ. दोघींच्या मधे मनोरा उभा होता, तो कसला मनोरा, एका बाजूला कललेलं काहीतरी. गोल दिवा कुणीतरी विझवला होता. आजोबा गुडघे धरून शेजारी टेकले होते, आणि खालच्या पन्हळीला आधार म्हणून त्यांनी स्वतःचा चपटा केलेला तळहात लावला होता. मुंगीने वरून गोटी सोडली. ती एक वळण घेऊन बाहेर उडाली आणि सोफ्याखाली गेली.

"तुझ्यामुळे," मुंगी आत्याला म्हणाली. "तू आठ नंबर उलटा लावलास."

"मी नाही. तुझ्या आजोबांचा हात हलला."

"माझा हात नाही हलला," आजोबा म्हणाले.

मग मुंगीला दारात उभे असलेले आई-बाबा दिसले. आईच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. मुंगीची आठी आणखी घट्ट झाली. तिने मान तिरपी केली नाही.

"माझ्याकडे बघू नका," ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.

"कुणीच बघू नका. आत्या, तू पण. सगळ्यांनी तिकडे बघा."

आणि त्या घरातली सगळी मोठी माणसं वळली. आत्या बसल्या जागी भिंतीकडे फिरली. आजोबांनी तळहात पन्हळीखाली तसाच ठेवून मान छताकडे केली. आजी खिडकीकडे बघायला लागली, गुंड्या दाराच्या कडीकडे. मुंगीच्या आईने दाराशेजारच्या भिंतीवर नजर लावली, जिथे खोक्यांमागे इतके दिवस झाकलेला, न विटलेल्या रंगाचा एक चौकोन आता उघडा पडला होता.

मागे खुडबुड ऐकू आली. लाकडावर लाकूड बसल्याचा बारीक आवाज. एक मोठा श्वास. मग गोटी सुटली. पहिलं वळण, दुसरं; मधेच अडखळली असं वाटलं, पण नाही, पुन्हा घरंगळत निघाली, खाली, आणखी खाली, आणि आजोबांच्या तळहातावर येऊन थांबली असावी, कारण आवाज मऊ होऊन मिटला.

मागे कुणी अय्या म्हटलं नाही. कुणी थँक यू म्हटलं नाही. फक्त नाकातून फुस्सकन निघालेलं एक छोटंसं, ओबडधोबड हसू आलं, वाहत्या नाकामुळे अर्धवट अडकलेलं.

मुंगीच्या आईची मान वळण्यासाठी तळमळत होती. तो चेहरा बघायला तिने काय दिलं नसतं! तिने दाराची चौकट घट्ट धरली आणि भिंतीवरून नजर काढली नाही.